सत्तराव्या मिनिटाला बसलास ते

अल खौद, शनिवार, २१ जानेवारी २०२३

अरमान,

तू मला फोनवर ब्लॉक केलंस, व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केलंस. तुझ्या बहिणीच्या, निदाच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. पण डबा कसा ब्लॉक करशील? उस्मानचाचा आठवड्यातून दोनदा मवालेहच्या बाजारातून भाजी भरून सोहारला येतात, त्यांच्या पिकअपमध्ये हा डबा आणि डब्याच्या खाली ही चिठ्ठी. शाळेत हिंदी घेतलं होतंस, तेव्हा अक्षरं लागतील. मराठी अडली तर चाचांना एखादा शब्द विचार. अख्खी चिठ्ठी मात्र वाचायला देऊ नकोस, नाहीतर उद्या टोमॅटोवाल्यापर्यंत पोचेल.

काल खौदच्या मैदानावर तुमची मॅच झाली. दोन-एकने हरलात, ते जाऊ दे. सत्तराव्या मिनिटाला तू मधल्या रेषेपाशी खाली बसलास. उजवा हात छातीवर, मान खाली. पाणी घेऊन आलेल्या पोराला हाताने परत पाठवलंस. मिनिटभराने उठलास आणि शेवटपर्यंत खेळलास. ऊन होतं म्हणशील. जानेवारीत कसलं ऊन रे? मी शाल घेऊन बसले होते.

बेटा, एकदा डॉक्टरला दाखव. नुसतं तपासून सोडून देणारा नको. हृदयाची पूर्ण टेस्ट करायची, पट्टी काढतात ती आणि सोनोग्राफीसारखी असते ती, दोन्ही.

मला कळतंय तुझ्या डोक्यात काय येणार. सप्टेंबरात कोच खमीस तुला सोहारच्या कॉलेजात न्यायला माझ्या दुकानात आले, फी माफ, हॉस्टेल, सगळं देतो म्हणाले, तेव्हा मी त्यांना सांगितलं की पोराला दमा आहे, सोहारच्या कारखान्यांचा धूर त्याला सोसणार नाही. त्यांनी तुझी छाती तपासून घेतली आणि मी चारचौघांत खोटी पडले. तू त्याच आठवड्यात बॅग भरलीस. दोन वर्षं खौदकडून खेळलास, आणि माझं दुकान खौदच्या कॉलेजच्या समोर. झेरॉक्सला येणारी पोरं मला उम्म अरमान, म्हणजे अरमानची आई, म्हणायची. ते सगळं सोडून तू वैऱ्याकडे जाशील म्हणून मी खोटं बोलले. कबूल. पण आजचं ते नाही.

डब्यात सांदणं आहेत. रस वेगळ्या बाटलीत, सांडू नकोस.

अम्मी

अल खौद, बुधवार, १ फेब्रुवारी

अरमान,

डबा धुऊन परत आला, म्हणजे सांदणं पोचली. चिठ्ठीचं उत्तरही पोचलं, पेट्रोलच्या पावतीच्या मागे एवढंसं. 'अम्मी मी ठीक आहे. तू खौद जिंकायला पाहिजे म्हणून हे करते. प्लीज स्टॉप.' मराठीत लिहिलंस, बरं वाटलं. लिहिलंस ते मात्र बरं नाही.

खौद जिंकावं असं मला वाटतं, हे मी कधी लपवलंय? आठ कॉलेजांच्या लीगचं वेळापत्रक छापायला माझ्याकडेच येतं. सोहारला सलग तीन मॅच घरच्या मैदानावर दिल्यात हे मी समितीच्या माणसाला तोंडावर सांगितलं, तर तो म्हणाला, "उम्म अरमान, तुझा मुलगा आता सोहारला आहे ना, खूश हो!" कुठल्या कॉलेजने कोणाला नवीन घेतलं हेही मला सगळ्यांच्या आधी कळतं, कारण पोरांच्या पासपोर्टच्या कॉप्या माझ्या मशीनमधून निघतात. सूरवाल्यांनी दोन डावखुरे आणलेत. बरकाचा गोलकीपर निजवाने पळवला. ह्या सगळ्याचं मला वेड आहे, तुझे अब्बा गेल्यावर संध्याकाळ जायची कशी, तर ही अशी.

पण परवा मी तुमची निजवाबरोबरची मॅच फोनवर बघितली आणि स्कोअर किती झाला ते मला विचारशील तर सांगता येणार नाही. मी फक्त तुझ्याकडे बघत होते. तू धावायचास, थांबायचास, कमरेवर हात ठेवायचास. त्रेपन्नाव्या मिनिटाला कॅमेरा दुसरीकडे फिरला आणि तू परत दिसेपर्यंत मी खुर्चीवरून उठून उभी होते. एक मुलगी प्रोजेक्टच्या चार प्रती घ्यायला थांबली होती, तिला मी चाळीस काढून दिल्या.

उस्मानचाचांना मी सांगितलं, त्याला विचारा टेस्ट केली का. ते म्हणाले, "भाभी, मी भिंडीवाला माणूस, मला तो काय सांगणार! यल्ला, सोडा आता, तुम्ही उगाच टेन्शन घेताय, पोरगा घोड्यासारखा आहे."

घोड्यासारखा. तुझ्या अब्बांनाही लोक असंच म्हणायचे.

अम्मी

अल खौद, सोमवार, २० फेब्रुवारी

अरमान,

आज समितीचा माणूस नवीन वेळापत्रक घेऊन आला. फायनल ईदनंतर होती, ती रमजानच्या आधी ओढली. शुक्रवार, १७ मार्च, दुपारी साडेतीन, सोहारचं मैदान. आणि दोन्ही सेमीफायनलचे निकाल तर तुला माहीतच आहेत, खौद आणि सोहार. मी पंच्याऐंशी प्रती छापल्या. एरवी मी ह्या कागदावर उड्या मारल्या असत्या. आज प्रत्येक प्रत बाहेर आली की आधी साडेतीनचा आकडाच दिसायचा.

साडेतीन, मार्च महिना, सोहार. तिथे तेव्हा चांगलंच तापतं.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे, म्हणजे मीच राहू दिली आहे. त्या दिवशी तू खाली बसलास तेव्हा आमच्या बाजूची पोरं 'खलास, खलास' ओरडत टाळ्या पिटू लागली. तू निघून गेलास याचा राग होता त्यांना. मीही टाळी वाजवली. दोनदा वाजवली असेल. मग तुझा हात छातीवर दिसला आणि माझे हात तसेच राहिले. तुला ते दिसलं का, हे मला माहीत नाही. दिसलं असेल तर तू माझ्याशी बोलत नाहीस त्याला आणखी एक कारण झालं. दिसलं नसेल तर मी उगाच सांगितलं. पण ही टाळी मला झोपू देत नाही, म्हणून सांगितलं.

टेस्ट कर. तुला वाटतं तितका वेळ लागत नाही. फायनलच्या आधी कर. कोचना मी काही बोलणार नाही, तू स्वतः कर.

अम्मी

अल खौद, सोमवार, ६ मार्च

अरमान,

उस्मानचाचा म्हणाले, तू चिठ्ठी न उघडताच खिशात घातलीस. ही उघड. ही मॅचबद्दल नाही.

तुझे अब्बा ऊन लागून गेले असं मी तुम्हाला सांगत आले. तू बारा वर्षांचा होतास. जून महिना, सोहारच्या औद्योगिक वसाहतीतलं कारखान्याचं आवार, दुपारची शिफ्ट. सगळ्यांना पटलं. मलाही दोन दिवस पटलं होतं. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या डॉक्टरबाईंनी मला खुर्चीवर बसवून सांगितलं की ऊन निमित्त झालं. त्यांच्या हृदयाची भिंत जाड होती, जन्मापासून. माणूस चांगला दिसतो, वजनं उचलतो आणि एक दिवस चालता चालता पडतो. त्यांनी विचारलं, घरात अजून कोणी तरुणपणी अचानक गेलंय का. मी नाही म्हणाले.

तुझे अमीनचाचा, अब्बांचे भाऊ, आठवत नाहीत तुला. बुडून गेले असं घरात म्हणतात. एकोणतीस वर्षांचे. पण ते खाडीत वाढलेले, पट्टीचे पोहणारे, आणि गेले ते कमरेएवढ्या पाण्यात. तेव्हाही कोणी विचारलं नाही आणि नंतरही नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या, दोन्ही मुलांना तपासून घ्या, हे रक्तातून येतं. त्यांनी इंग्रजीत कागद लिहून दिला, शिक्का मारून. तो आठ वर्षं माझ्या कपाटात आहे, तुमच्या जन्मदाखल्यांच्या खाली.

का नाही नेलं, विचार. विचार मला. आधी म्हटलं, पोरं लहान आहेत, बाप गेलाय, अजून भीती कशाला. मग तुझ्या आजीने गावाहून फोन करून सांगितलं की असलं काही बाहेर जाऊ देऊ नको, घरात मुलगी आहे. आपल्यात स्थळ येतं ते दोन प्रश्न विचारत येतं. मुलगी किती शिकली आणि घरात काही आजार आहे का. निदासाठी ओवेसचं स्थळ आलं तेव्हा त्याच्या खालाने, म्हणजे मावशीने, हेच विचारलं होतं, माझ्याच दुकानात बसून. मी म्हणाले, अल्लाच्या मेहरबानीने काही नाही. निदाचं लग्न झालं, आता तिला चौथा महिना आहे, सुखात आहे. मी तोंड बंद ठेवलं म्हणून हे सगळं झालं, असं मी स्वतःला सांगत आले.

आणि तिसरं कारण तुला सांगताना मला लाज वाटते. तू खेळायला लागलास. पहिल्याच वर्षी निजवाविरुद्ध तू गोल मारलास आणि अख्खं मैदान तुझं नाव घेऊन ओरडलं, तेव्हा कपाटातला तो कागद माझ्या डोळ्यांसमोर आला होता. मी तो मनातून ढकलून दिला. टेस्ट केली आणि काही निघालं तर खेळ बंद होईल, एवढाच विचार केला. आईने असा विचार केला.

आता डॉक्टरकडे जा.

अम्मी

अल खौद, सोमवार, १३ मार्च

अरमान,

तुझा निरोप मिळाला. उस्मानचाचांनी शब्दन् शब्द सांगितला, मान खाली घालून. "तो म्हणतो, भाभी, अब्बांचं नाव घेऊन पण ती खोटं बोलेल असं वाटलं नव्हतं. म्हणतो, कागद दाखवला तरी काय, तिच्याकडे मशीन आहे, ती काहीपण छापेल."

मी दुकानाचं शटर अर्धं ओढून अर्धा तास आत बसले. मग विचार केला, पोराचं काय चुकलं. दमा मीच काढला होता. टाळी मीच वाजवली. फायनल चार दिवसांवर आणि आईचा जीव खौदमध्ये. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते.

म्हणून मी शुक्रवारी सोहारला येणार आहे. मूळ कागद घेऊन, झेरॉक्स नाही. तुझ्याकडे येणार नाही, घाबरू नकोस. कोच खमीसकडे जाणार आहे. ते मला खोटारडी समजतात हे मला माहीत आहे, पण शिक्का ते वाचू शकतात आणि ते हॉस्पिटल त्यांच्याच गावात आहे, फोन करून विचारू शकतात.

यातून बाहेर काय काय जाईल ते मी मोजत बसलेली नाही. उस्मानचाचा गाडी चालवणार, म्हणजे त्यांना कळलंच. त्यांना कळलं म्हणजे मवालेहला कळलं, आणि ओवेस मवालेहलाच घाऊक भाजीच्या गाळ्यावर बसतो. निदाला मी अजून काही सांगितलेलं नाही. तिला अशा दिवसांत कशाला घोर लावायचा? तू मात्र हे वाचून शुक्रवारच्या आत स्वतः टेस्ट केलीस तर मला यायची गरज नाही. गुरुवारी संध्याकाळपर्यंत मी फोन हातात धरून बसेन. एक मिस्ड कॉल दे, बस.

अम्मी

अल खौद, बुधवार, २२ मार्च

अरमान,

मिस्ड कॉल आला नाही, म्हणून मी आले. तू बघितलंसच.

कोच खमीस मैदानाच्या बाजूला जाळ्या बांधून घेत होते. मी सलाम केला तर म्हणाले, "आता काय आहे? टीबी?" मी कागद पुढे केला. त्यांनी उभ्या उभ्या वाचला, मग तिथल्याच बाकावर बसून परत वाचला. हॉस्पिटलला फोन लावला. शुक्रवार असून कोणीतरी उचलला, नोंद सापडली. मग ते मला म्हणाले, "उम्म अरमान, तू हा कागद दम्याच्या ऐवजी सप्टेंबरात आणला असतास, तर मी तुझ्या मुलाला तेव्हाच डॉक्टरकडे नेलं असतं."

तू साइडच्या खुर्चीवर बसून होतास, ट्रॅकसूट घालून. सोहारची पोरं तुझं नाव घेऊन ओरडत होती आणि तू माझ्याकडे एकदाच बघितलंस. मी सोहारच्या बाजूला बसले होते. त्या बाजूला मी आयुष्यात पहिल्यांदा बसले. खौदने तीन गोल मारले आणि मी तिन्ही वेळा खाली बघत राहिले. मॅच संपल्यावर माझ्याजवळून जाताना तू म्हणालास, "जिंकलीस ना, अम्मी. काँग्रॅट्स." मराठीतलं एवढं लांब वाक्य तू कित्येक महिन्यांत माझ्याशी बोलला नव्हतास.

आज दुपारी कोचनी फोन केला. तुझ्या दोन्ही टेस्ट झाल्या. हृदय चांगलं, भिंत चांगली, झडपा चांगल्या. जानेवारीत खाली बसलास त्या दिवशी तू सकाळपासून काही न खाता मैदानात उतरला होतास, तेवढंच. मी फोन ठेवला आणि दुकानात, गिऱ्हाइकांच्या समोर, फरशीवर बसून रडले. एका पोराने मला पाणी दिलं आणि विचारलं, "आंटी, खौद हरला का?"

तुझी फायनल माझ्यामुळे गेली. फुकट गेली असं तू म्हणशील, आणि आता म्हणायचा तुला हक्क आहे. मला शिव्या दे. जिवंत, धडधाकट पोराच्या शिव्या खायला मी दुकान बंद करून येईन. उद्यापासून रोजे. तुला निरोगी ठेवल्याबद्दल मी सगळा महिना अल्लाचे आभार मानत शुक्र करणार आहे.

अम्मी

अल खौद, रविवार, ९ एप्रिल

अरमान,

तू उस्मानचाचांच्या हाती पाठवलेली चिठ्ठी मी वीस वेळा वाचली. शिव्या नव्हत्या. राग पण नव्हता. एकच ओळ होती. 'डॉक्टर विचारला सिस्टर आहे काय, मी हो बोललो, अम्मी निदाची टेस्ट केली?'

मी ती वाचली तेव्हा मला आधी हसू आलं. निदा आणि हृदय? जी शाळेत पी.टी.च्या तासाला पोटात दुखतं म्हणून बसून राहायची ती? आठ वर्षं त्या कागदावर दोन नावं आहेत, अरमान आणि निदा, आणि मला त्यात कायम एकच दिसलं. धावायचास तू. पडशील तर तूच पडशील. ती घरात होती, सावलीत होती, तिचं लग्न व्हायचं होतं. जी गोष्ट मी तिच्यासाठी म्हणून लपवली, ती तिच्याच अंगात असेल हे एकदाही, अल्लाची शपथ, एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

मंगळवारी मी मवालेहला निदा-ओवेसच्या घरी गेले आणि दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. अब्बांचं, अमीनचाचांचं, ओवेसच्या खालाला मी काय उत्तर दिलं ते. बाजारातून त्याच्या कानावर थोडं आलंच होतं. ओवेस कमी बोलतो, तुला माहीत आहे. बराच वेळ टेबलावरचं कव्हर सरळ करत राहिला. मग म्हणाला, "अम्मी, आधी सांगितलं असतंत तरी मी लग्न केलंच असतं. फक्त दुसऱ्या दिवशी तिला टेस्टला नेलं असतं." दुसऱ्या दिवशी त्याने तिला नेलं.

तिला आहे, बेटा. भिंत जाड आहे, अब्बांसारखीच.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. गोळ्या सुरू केल्या आहेत. बाळंतपण मोठ्या हॉस्पिटलात, हृदयाच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली होईल, पुढे कदाचित छातीत एक यंत्र बसवतील. न कळता बाळंतपणाला गेली असती तर काय झालं असतं, हे त्यांनी मला सांगितलं नाही. ओवेसला बाजूला नेऊन सांगितलं. तो परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर मी वाचलं.

निदा रडली नाही. रिपोर्ट पर्समध्ये ठेवला, चेन लावली आणि मला म्हणाली, "अम्मी, पण मी तर कधी धावलेसुद्धा नाही." ती मला दोष देत नव्हती. खरंच विचारत होती.

तू ती एक ओळ लिहिली नसतीस तर मी अजूनही शुक्र करत बसले असते.

येत्या बुधवारी सकाळी दहाला मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. ओवेस रजा घेणार आहे. निदा म्हणते, अरमान आला तर मला धीर येईल. चाचांची गाडी पहाटे सोहारहून रिकामी परत येते, त्यांना मी सांगून ठेवलंय, ते तुला थेट दवाखान्याच्या दारात सोडतील. मला बघायची तुझी इच्छा नसेल तर तसं चाचांना सांग. मी येणार नाही, दुकानात बसेन. तू मात्र तिच्या शेजारी बस.

अम्मी